डाव्या हाताला काय येतं

ता. ९ जानेवारी

प्रिय तुफान,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. आधी गुडघा सुजला, मग पेन सापडेना, पेन सापडलं तर कागद सापडेना. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला लिहायचंच नाहीये." तिचं बरोबर होतं. तुझं पत्र वाचल्यापासून मी रात्री उठून रस्ते मोजतो आहे.

या वयात तू पुन्हा लांबचा ट्रेलर घेणार? आणि वर माल काय, तर वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर. घराएवढं धूड. तीन राज्यं ओलांडायची. तुझ्या मालकाला दुसरा ड्रायव्हर मिळत नाही का? आपल्या बरोबरचे सगळे आता पार्कात बसून एकमेकांची औषधं विचारतात. तू मात्र अजून एअरब्रेक विचारतोस.

फोनवर का बोलत नाहीस म्हणून चिडला आहेस. अरे, कान गेले माझे. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून इंजिनाने ते खाल्ले. लेक फोन कानाला लावते, मला नुसती घरघर ऐकू येते, मी "हो हो" म्हणतो आणि मागाहून कळतं की आपण कशाला तरी कबूल झालो. पत्रच बरं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने लिहिलेलं आहे, हसू नकोस.

तू म्हणतोस, "पूर्वी स्टिअरिंग माझं आणि रस्त्याची काळजी तुझी, तशीच आता बसल्या जागी कर." करतो. दुसरं काय येतं मला? पण आधी मला सांग, माल ट्रेलरवर ठेवल्यावर जमिनीपासून उंची किती भरते? बाजूने किती बाहेर येतो? परमिटं कोण काढतंय? प्रत्येक राज्याचं वेगळं काढावं लागेल आणि प्रत्येकावर रस्ता लिहिलेला असेल. तो रस्ता सोडलास की परमिट म्हणजे रद्दी.

आणि एक विचारतो. तुझ्या पत्रात तू लिहिलंस, "डाव्या हाताला कुठे काय येतं, उजव्या हाताला काय येतं, ते बारीकसारीक लिही." पूर्वी तू चढ विचारायचास, उतार विचारायचास. डाव्या-उजव्याला मी बोलायला लागलो की म्हणायचास, "गप रे, मला डोळे आहेत." आताच काय झालं?

वहिनींना नमस्कार सांग. त्यांचं या सगळ्याबद्दल काय म्हणणं आहे तेही कळव. तू ते कळवणार नाहीस, हे मला माहीत आहे.

तुझा,
धास्तीराव

ता. १८ जानेवारी

धास्तीराव, नमस्कार!

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. बायको हसून हसून दमली. म्हणाली, "हे भावोजी पलंगावर झोपतानासुद्धा आधी त्याचे पाय तपासत असतील." तिचं म्हणणं एवढंच.

मालकाला दुसरा ड्रायव्हर का मिळत नाही? मिळतात की! कालच एक आला होता. कानात गाणी, पायात पांढरे बूट. यार्डात ट्रेलर मागे घ्यायला लावला तर कंपाउंडची भिंत मागे गेली. मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "उस्ताद, एवढी एक खेप." मी काय नाही म्हणणार? घरी बसलो की भिंती अंगावर येतात रे. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पोरगा विचारतो, "बाबा, आज काय केलंत?" काय सांगू? पेपर घडी घालून ठेवला?

मालाची उंची भरपूर आहे. आपण ज्याला दोन मजली म्हणायचो तसा. बाजूने दोन्हीकडे हातभर बाहेर. सोबत पुढे जीप, मागच्या चाकांचं स्टिअरिंग सांभाळायला एक माणूस, आणि काठ्या घेऊन तारा उचलणारी माणसं. परमिटांचं काम ऑफिसातली पोरगी बघते. हुशार आहे, पण फोनवर साहेबांशी इतकं गोड बोलते की साहेब परमिट द्यायचं विसरून गप्पाच मारत बसतात. पहिल्या राज्याचं आलं. त्यांची अट अशी की दिवसाउजेडीच चालवायचं. दुसरं राज्य म्हणतं, शहराच्या बाजूने फक्त रात्री. आता तूच सांग, दोन्ही राज्यांत सूर्य एकच ना?

डाव्या-उजव्याचं म्हणशील तर, म्हातारपणी माणूस शहाणा होतो असं समज. जास्त चौकशी करू नकोस. खुणा लिही. झाड, फाटक, पाटी, काय असेल ते. आधी कळलं की त्या बाजूला मान वळवून तयार राहता येतं.

तुझा तुफान

ता. २९ जानेवारी

प्रिय तुफान,

वहिनींना सांग, पलंगाचे पाय मी खरंच तपासतो. एकदा मोडला होता.

आम्ही राहतो ती खोली वजनकाट्याच्या वर आहे, हे तुला माहीत आहे. खाली लेक केबिनमध्ये बसून गाड्यांची वजनं करते, वर मी खिडकीत बसून त्यांची काळजी करतो. एखादी गाडी काट्यावर चढली की अख्खी खोली थरथरते आणि कपातला चहा हलतो. जरा जास्त हलला तर मी खाली ओरडतो, "माल जास्त आहे!" लेक म्हणते, "बाबा, काटा कशाला बसवलाय मग?"

असो. तुझा रस्ता. मी दोन रस्ते धरले. तिसऱ्या राज्यापर्यंत दोन्ही एकच, पुढे फाटे फुटतात. जवळचा घाटातून जातो. तो मी खोडून टाकला. त्या घाटात माल घेऊन जाणं म्हणजे जीव मुठीत धरणं. दुसरा लांबचा, नदीवरच्या मोठ्या पुलावरून, सगळा सपाट. दोन दिवस जास्त लागतील, लागू देत. परमिटवर लांबचाच लिहून घ्या.

यार्डातून निघालास की पहिल्या सीमानाक्यापर्यंत रुंद रस्ता आहे. नाक्यावर डाव्या बाजूची रांग घेऊ नकोस, तिथे छपराची कड पुढे आली आहे. नाका सोडला की डाव्या हाताला वीटभट्ट्या लागतात. तिथून ट्रॅक्टर न बघता रस्त्यावर येतात. भट्ट्या संपल्या की उजव्या हाताला लांब भिंत, गिरणीची. भिंतीत फाटक आहे, पिवळं. पाळी सुटली की सायकलवाले एकदम बाहेर पडतात, त्यांना वाटतं रस्ता गिरणीचाच आहे.

मग मोठं गाव. गावाच्या तोंडाशी डाव्या हाताला पाण्याची उंच टाकी आहे, वर निळा पट्टा. नीट लक्षात ठेव. टाकी दिसली की तिच्या अंगाने डावीकडचा रस्ता घ्यायचा. सरळ गेलास तर पुढे रेल्वेचा पूल आहे आणि त्याखालून हा माल जाणार नाही. पुलावर उंचीची पाटी आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. दरवर्षी डांबराचा नवा थर चढतो, रस्ता वर येतो, पाटी मात्र जुनीच राहते.

हे सगळं मी आठवून लिहिलं. हात दुखायला लागला. लिहिता लिहिता एक एक वळण डोळ्यांपुढे आलं आणि झोप उडाली. तू मजेत घोरत असशील.

जीप घेऊन एकदा सगळा रस्ता बघून ये. माझ्यावर भरवसा ठेवून निघू नकोस.

धास्तीराव

ता. १२ फेब्रुवारी

धास्तीराव,

बघून आलो! जीप घेऊन दुसऱ्या राज्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. मी पुढच्या सीटवर तुझं पत्र मांडीवर घेऊन बसलो होतो. जीपवाला विचारतो, "हे काय, देवाची पोथी?" म्हटलं, त्याहून मोठं. वीटभट्ट्या, पिवळं फाटक, निळ्या पट्ट्याची टाकी, सगळं जागच्या जागी. तुझी स्मरणशक्ती म्हणजे कमाल आहे बुवा.

दुसरं परमिट हातात पडलं. लायसन्ससाठी डोळे तपासले, तक्ता शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचला. तपासणारा म्हणाला, "काका, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." म्हणजे बघ!

फक्त एक गंमत झाली. यार्डात ट्रेलर फिरवताना डाव्या बाजूचा आरसा खांबाला घासून फुटला. खांब कालपर्यंत तिथे नव्हता असं मी म्हणालो, सगळे हसले. मागच्या चाकांवरचा माणूस मात्र हसला नाही. तो तुझ्याच जातकुळीचा आहे, जिथे तिथे वाईट शोधतो.

आता वाईट बातमी. तिसऱ्या राज्याने नदीवरच्या पुलाला नकार दिला. त्यांचा इंजिनिअर म्हणतो, पुलाचे खांब खचले आहेत, एवढं वजन झेपणार नाही. ऑफिसातली पोरगी गोड बोलली, रडकुंडीला येऊन बोलली, शेवटी चिडून बोलली. काही उपयोग नाही. ते परमिट देतील तर घाटातल्या रस्त्याचंच. तेव्हा धास्तीराव, तू खोडलेला रस्ता पुन्हा लिहायला घे. घाट मला वळणागणिक पाहिजे. कुठे कठडा आहे, कुठे नाही, दरी कोणत्या हाताला येते, डोंगर कोणत्या हाताला. काही सोडू नकोस.

तुफान

ता. २० फेब्रुवारी

तुफान,

नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. मला तुझा राग आला आहे.

परवा एक टँकरवाला काट्यावर आला होता. लेकीने सांगितलं की हा दर आठवड्याला त्याच रस्त्याने जातो. मी काठी टेकत खाली गेलो. म्हटलं, "मोठ्या गावाच्या तोंडाशी ती निळ्या पट्ट्याची टाकी आहे ना, तिच्या शेजारचा रस्ता मोठ्या गाडीला पुरेल का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "काका, कुठली टाकी? ती पाडून चार वर्षं झाली! तिथं आता फर्निचरचं दुकान आहे!"

मी म्हटलं, "पिवळं फाटक?"

"गिरणीच बंद झाली! भिंत काय, फाटक काय, सगळं गेलं. आता नुसता माळ आहे."

लेक म्हणाली, "बाबा, खुर्चीत बसा आधी."

मी बसलो आणि तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. "सगळं जागच्या जागी." नसलेली टाकी तू बघून आलास! म्हणजे तू गेलाच नाहीस. घरी लोळत पडलास आणि मला खूश करायला चार ओळी खरडल्यास. माझी स्मरणशक्ती कमाल! माझी स्मरणशक्ती मेली आहे, तुफान. मी तुला पाडलेल्या भिंती आणि मेलेल्या गिरण्या लिहून दिल्या. तू त्याच्यावर निघाला असतास, टाकीची वाट बघत सरळ गेला असतास आणि रेल्वेच्या पुलात तो दोन मजली माल घातला असतास.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. थापा मारायच्या तर बायकोला मार, मालकाला मार. रस्त्याबद्दल थाप मारायची नाही, हे आपलं कधीचं ठरलेलं आहे. खरंच गेला होतास का नव्हतास, तेवढं एका ओळीत लिही. तोवर घाटाचं एक वळणही तुला मिळणार नाही.

ता. ३ मार्च

धास्तीराव,

गेलो होतो.

खरंच गेलो होतो. शपथ वगैरे घेत नाही, तुला शपथांची जास्त धास्ती वाटते. पण जीपवाल्याला विचार. जीप तो चालवत होता, वळला तोच. टाकी आहे का नाही ते मला दिसलंच नाही. तू लिहिली होतीस म्हणून मी धरून चाललो की आहे.

आता ऐक आणि मध्ये बोलू नकोस. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हा निघत नाही. गेलेलं परत येत नाही म्हणे, उरलेलं थेंब टाकून टिकवायचं. समोरचं मला स्वच्छ दिसतं. तक्ता वाचला तो खरा वाचला, हे पत्रही मीच लिहितोय. पण बाजूचं गेलं. नळीतून बघितल्यासारखं आहे. नळीच्या तोंडाशी जे येईल ते दिसतं, बाकी काही नाही. अंधार काळा असतो, तसंही नाही ते. तिथे काही नसतंच. जेवताना वाटी हाताला लागून सांडते, बायको म्हणते, लक्ष कुठे असतं तुमचं? मी म्हणतो, गाडीत. तिला माहीत नाही. पोराला माहीत नाही. तुला सांगतोय.

म्हणून तुला डावं-उजवं विचारत होतो. आधी माहीत असलं की मान वळवतो, नळी तिकडे नेतो, दिसतं. झाड कुठे आहे ते कळलं की झाड दिसतं. जमतं रे. मी यार्डात सराव करतो. तो खांब सोडला तर सगळं जमलं.

टाकी पडली तर पडली. त्या टँकरवाल्याला विचारून नवं लिही. आणि घाट लिही. घाटात काही बदलत नसेल, डोंगर कोण पाडतो? तिसरं परमिट आलं आहे, त्यावर घाटाचाच रस्ता आहे. चोवीस तारखेला निघायचं. एवढी एक खेप. त्यानंतर मी मालकाला स्वतः सांगेन, मग पेपर आणि पार्क. पण शेवटची गोष्ट आरसा फोडला ही राहायला नको. लोकांनी म्हणावं, गेला तेव्हा तुफान ट्रान्सफॉर्मर पोचवून गेला.

तू आजवर मला कुठे अडवलं नाहीस. आता अडवू नकोस.

तुझा

ता. १० मार्च

प्रिय तुफान,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. लेकीला दाखवलं नाही. ती विचारत होती, "काय लिहिलंय काकांनी?" मी म्हटलं, बरे आहेत. मग खिडकीत बसलो. खाली गाड्या काट्यावर चढत होत्या, उतरत होत्या. एकदाही वजनाबद्दल ओरडलो नाही. लेक वर येऊन बघून गेली, मला बरं नाही की काय म्हणून.

मी तुला थापाड्या म्हटलं, ते मागे घेतो. तू पाहून आलास आणि तुला दिसलं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझे डोळे म्हणजे आपल्या दोघांचे डोळे होते. मी कागदावर बघायचो, रस्त्यावर तू बघायचास. त्यांना काही होईल अशी धास्ती मी कधी घेतली नाही. एवढी एकच घ्यायची राहिली.

घाट मी लिहायला बसलो होतो. खोटं कशाला सांगू, अर्धा लिहिलासुद्धा. पहिलं वळण, दरी उजव्या हाताला. दुसरं वळण, डोंगराचा खडक डाव्या हाताला पुढे आलेला. वाटलं, खरंच जमेल. एवढं नीट लिहून देतो की आंधळाही जाईल. तिसऱ्या वळणाशी पेन थांबलं. तिथे चढ इतका उभा आहे की माणसं लाकडाचे मोठे ठोकळे घेऊन चाकांच्या बाजूने चालतात. गाडी जरा मागे सरकली की पळत जाऊन ठोकळा चाकामागे घालतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. घामाने निथळत असतात, कधी पुढे येतात, कधी मागे राहतात, कधी ठोकळा टाकून बाजूला उडी मारतात. मी लिहायचं काय? डाव्या हाताला माणूस आहे? कोणत्या वेळी? किती पावलांवर?

झाड एका जागी असतं, तुफान. कठडा असतो, दरी असते. माणूस नसतो. तो कुठे असेल हे मला आधी लिहून देता येत नाही, आणि तुला बघता येत नाही.

मी तो कागद फाडला. घाट मी लिहिणार नाही.

तू म्हणशील, नको लिहूस, मी दुसऱ्याकडून लिहून घेईन. घेशील. तू हट्टी आहेस आणि लोक तुला नाही म्हणत नाहीत. तुझ्या मालकाने कधी नकार दिला नाही, मीही इतकी वर्षं दिला नाही. म्हणून मी काल तुझ्या मालकाला पत्र लिहिलं आणि लेकीबरोबर जाऊन टपालपेटीत टाकलं. काचबिंदूचं स्पष्ट लिहिलं आहे. आरशाचंही लिहिलं आहे. मागच्या चाकांवरच्या माणसाला विचारा, असंही लिहिलं आहे, तो का हसला नाही ते. तुला आधी विचारलं असतं तर तू मला गप्प बसवलं असतंस, आणि मी बसलो असतो.

वहिनींना अजून तूच सांग. ते मी लिहिलेलं नाही. पण सांग. वाटी सांडली की त्या स्वतःला दोष देत असतील, जागा चुकली वाढताना म्हणून.

तू चिडशील. माझ्याशी कायमचं बोलणं सोडशील हे धरूनच मी पत्र टाकलं. पेटीत पडल्याचा आवाजही मला ऐकू आला नाही, कान असे. लेक म्हणाली, "पडलं, बाबा, चला." आम्ही घरी आलो. गुडघा पुन्हा सुजला आहे. फार दमलो आहे रे. तुझ्यासाठी काळजी करण्यात माझं आयुष्य गेलं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण तुझ्या विरुद्ध काळजी करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

चोवीस तारीख जवळ येते आहे. तो ट्रेलर निघणार का, आणि त्याच्या स्टिअरिंगवर कोण बसणार, हे मला इथे बसून कळायचा मार्ग नाही. टँकरवाल्यांना विचारतो, ते मान हलवतात. शिव्या लिहायच्या असतील तर पानभर लिही, मला चालतील. पण पत्र पाठव. नुसतं "निघालो नाही" एवढं लिहून पाठवलंस तरी पुरे. लवकर पाठव.

तुझा,
धास्तीराव